खंदक कोणी फोडले: रणगाड्याने की तोफेने?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धात मशीनगनमुळे खंदक आले आणि रणगाड्यामुळे संपले, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. हे कितपत खरं? आणि खरं असेल तर युक्रेनमध्ये सैनिक पुन्हा खंदकात कसे?

मी भारतीय सैन्याच्या तोफखान्यात नोकरी केली, पुढे तरुण अधिकाऱ्यांना गनरी, म्हणजे तोफमाऱ्याचं शास्त्र, शिकवलं. त्यामुळे माझं उत्तर तोफेच्या बाजूने झुकलेलं वाटेल. पण आकडेही तिकडेच झुकतात. ब्रिटिश सैन्याने दोन लाखांहून जास्त जखमींची नोंद तपासली, तेव्हा ५८ टक्क्यांहून अधिक जखमा तोफगोळ्यांच्या आणि मोर्टारच्या निघाल्या, ३९ टक्के बंदुकीच्या आणि मशीनगनच्या गोळ्यांच्या. संगिनीच्या जखमा अर्धा टक्काही नव्हत्या. माझं म्हणणं थोडक्यात असं: सैनिकांना जमिनीत घातलं ते मुख्यतः तोफेने, खंदक तीन वर्षं अभेद्य राहिले ते तोफेला न दिसणाऱ्या जागी अचूक मारता येत नव्हतं म्हणून, आणि ते फुटू लागले ते तोफेला हे जमू लागल्यावर. रणगाड्याचं श्रेय आहेच, त्याकडे पुढे येतो.

सुरुवात १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेपासून करावी लागेल. त्याआधीची तोफ उडाली की अख्खी मागे जायची. ती ढकलून जागेवर आणायची, पुन्हा नेम धरायचा, मग दुसरा गोळा. या नव्या तोफेत नळीच तेवढी मागे सरकायची. तेल आणि दाबलेली हवा भरलेला सिलिंडर तो झटका पोटात घ्यायचा आणि नळी परत पुढे यायची. चाकं जागची हलत नसत, नेम मोडत नसे. मिनिटाला पंधरा गोळे सहज जाऊ लागले. लवकरच सगळ्या मोठ्या सैन्यांकडे अशा तोफा आल्या. ब्रिटिशांच्या १८ पाउंडर तोफेच्या एका श्रॅपनेल गोळ्यात शिशाच्या ३७५ गोळ्या असत. तो हवेत फुटला की खाली उघड्यावर उभ्या असलेल्या तुकडीची चाळण व्हायची. जोडीला मिनिटाला पाचशे गोळ्या ओकणारी मॅक्सिम मशीनगन होती आणि बिनधुराची दारू होती, जिच्यामुळे गोळी कुठून आली ते कळत नसे. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्नच्या लढाईनंतर जर्मन सैन्य एन नदीच्या काठी थांबलं आणि खणायला लागलं. हिवाळ्यापर्यंत उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची रेघ तयार झाली.

आता मजेशीर अडचण पाहा. ज्या तोफेने माणसाला जमिनीत घातलं, ती जमिनीतल्या माणसापुढे हतबल होती. फील्ड गनचा गोळा सपाट जातो आणि खंदकावरून निघून जातो. श्रॅपनेलच्या गोळ्या मातीच्या भिंतीत रुततात. खंदकात वरून पडणारा गोळा हवा, म्हणजे हॉवित्झर हवी, आणि तीही मोठी, स्फोटक भरलेल्या गोळ्याची. अशा तोफा १९१४ मध्ये जर्मनांकडे बऱ्यापैकी होत्या, ब्रिटिश आणि फ्रेंचांकडे फार थोड्या.

पायदळाने मग हातात जे सापडलं त्यावर भागवलं. यात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. पश्चिम आघाडीवर १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ डिव्हिजन पोचल्या. त्यांच्याबरोबर आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे सैन्याचे इंजिनिअर, होते. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या न्यूव्ह शापेल गावात ४७ व्या शीख पलटणीच्या खांद्याला खांदा लावून पायदळासारख्या लढल्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी पडले. तारांच्या जाळ्यात वाट करण्यासाठी स्फोटक भरलेला लांब नळा वापरतात, तो ‘बंगलोर टॉर्पेडो’ १९१२ मध्ये बंगलोरच्या मद्रास सॅपर्समध्ये कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी तयार केला होता. आजही जगभरची सैन्यं तो वापरतात. हातबॉम्ब सुरुवातीला जॅमच्या डब्यात दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून बनवले जात. १९१५ मध्ये मिल्स बॉम्ब आला आणि स्टोक्सची मोर्टार आली. स्टोक्स मोर्टार म्हणजे एक गुळगुळीत नळी, तळाशी खिळ्यासारखी पिन, पुढे दोन पाय. वरून बॉम्ब सोडायचा, तो पिनवर आदळून उडायचा. दोन-तीन माणसं उचलून नेतील अशी ती तोफच होती, आणि आजची ८१ मिलिमीटरची मोर्टार तिचीच वंशज आहे.

याच न्यूव्ह शापेलला १० मार्च १९१५ ला ब्रिटिशांनी पहिला मोठा, आखीव हल्ला केला. हल्ला करणाऱ्यांत मेरठ डिव्हिजन होती. सुमारे ३४० तोफांनी अरुंद पट्ट्यावर ३५ मिनिटं मारा केला. बहुतेक ठिकाणी पहिला खंदक पाहता पाहता पडला, गावही हाती आलं. पण डाव्या टोकाला काही मोठ्या हॉवित्झर आदल्या रात्रीच पोचल्या होत्या, त्यांना चाचणीचे गोळे टाकायला वेळच मिळाला नाही. त्यांच्या वाट्याचा खंदक जसाच्या तसा राहिला आणि तिथल्या दोन मशीनगननी दोन बटालियन कापून काढल्या. उजवीकडे गढवालींची एक पलटण वाट चुकून अशाच एका शाबूत खंदकावर जाऊन आदळली. मध्ये मोकळी वाट होती, पण पुढे जाण्याचा हुकूम यायला तासन् तास गेले, कारण टेलिफोनच्या तारा तुटलेल्या आणि निरोप्ये मारले गेलेले. तोवर जर्मन कुमक आली. तीन दिवसांत ब्रिटिश बाजूचे सुमारे ११,६०० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यातले ४,२०० च्या आसपास भारतीय होते.

मला ही लढाई सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. खंदकयुद्धाचं अख्खं कोडं तिच्यात मांडलेलं आहे: अचानक, दाट, अचूक मारा झाला तर खंदक पडतो; जिथे मारा चुकला तिथे दोन मशीनगन पुरतात; आणि पडलेल्या खंदकापलीकडे तोफ आणि निरोप दोन्ही पोचत नाहीत. सेनापतींनी मात्र यातून एवढाच धडा घेतला की आणखी गोळे हवेत, आणखी दिवस मारा हवा. अचानकपणा त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला.

त्याचा परिणाम फ्रान्समध्ये सोम नदीकाठच्या लढाईत दिसला. २४ जून १९१६ पासून सात दिवस सुमारे पंधरा लाख गोळे टाकले. पण त्यातले बहुतेक श्रॅपनेलचे आणि कित्येक न फुटणारे. जर्मन सैनिक नऊ-दहा मीटर खोल, चुनखडीत खोदलेल्या डगआउटमध्ये बसून होते. १ जुलैला मारा पुढे सरकला तसे ते मशीनगन घेऊन पायऱ्या चढून वर आले. त्या एका दिवसात ब्रिटिशांची हानी ५७,४७० होती, त्यात मृत १९,२४०. याच काळात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतमध्ये वेढले गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या सुटकेसाठी टायग्रिसच्या काठाने आलेली फौज तुर्कांच्या खंदकांवर पुन्हा पुन्हा आदळली. मोठ्या तोफा पुरेशा नव्हत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. अवजड तोफा नसतील तर वाळवंटातला खंदकही पश्चिम आघाडीवरल्याइतकाच पक्का ठरतो.

विषारी वायूबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी बेल्जियममधल्या ईप्रजवळ क्लोरीन सोडला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनला धड मास्क नसताना त्या वायूत हल्ला करावा लागला. भयंकर प्रकार होता. तरी वायूने आघाडी कायमची फोडली असं कुठेच झालं नाही. वारा फिरला की तो सोडणाऱ्यावरच उलटायचा, जसा त्याच वर्षी सप्टेंबरात लूसला ब्रिटिशांवर काही ठिकाणी उलटला. त्याचा खरा उपयोग पुढे तोफगोळ्यातून झाला. शत्रूच्या तोफांवर वायूचे गोळे टाकले की तोपची मास्क चढवतात. मास्क घालून गोळे उचलणं, साइटमधून पाहणं, हुकूम ऐकणं हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे की माऱ्याचा वेग किती पडतो. जुलै १९१७ पासून आलेला मस्टर्ड वायू तर जमिनीवर दिवसेंदिवस टिकायचा. खंदक फोडणारं शस्त्र म्हणून आलेला वायू शेवटी शत्रूच्या तोफा गप्प करण्याचं साधन होऊन बसला.

आता मुख्य मुद्दा. १९१६ आणि १९१८ यांच्या मधे तोफखान्यात जे घडलं, ते मला या युद्धातलं सगळ्यात मोठं स्थित्यंतर वाटतं. आधी एक लहानशी वस्तू घ्या: १०६ नंबरचा फ्यूज, म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा त्याच्या टोकाचा भाग. जुन्या फ्यूजचा गोळा जमिनीत घुसून मग फुटायचा. त्यामुळे खड्डा पडायचा, काटेरी तारांचं जाळं वर उडायचं आणि जवळजवळ तसंच परत खाली बसायचं. शिवाय खड्ड्यांनी आपल्याच पायदळाची वाट लागायची. १०६ च्या टोकाला एक छोटा हातोडा आणि त्याच्या मानेभोवती पितळेची पट्टी गुंडाळलेली असे. गोळा उडाला की फिरण्याच्या जोराने पट्टी उलगडून निघून जायची आणि हातोडा मोकळा व्हायचा. नुसत्या तारेला स्पर्श झाला तरी स्फोट, तोही जमिनीच्या वर. तुकडे आडवे पसरायचे आणि तारा कापल्या जायच्या. १९१७ मध्ये हे फ्यूज भरपूर प्रमाणात आले आणि तारा तोडण्यासाठी आठवडाभर मारा करण्याची गरज कमी झाली.

दुसरी गोष्ट शत्रूच्या तोफा शोधण्याची. आपलं पायदळ खंदकाबाहेर पडलं की त्याला उघड्यावर मारायच्या त्या शत्रूच्या तोफा, आणि त्या टेकडीमागे लपलेल्या. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांना १९१५ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वेळी ते फ्रान्समध्ये तोफेच्या आवाजावरून तोफ कुठे आहे हे काढण्याच्या खटाटोपात होते. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आपण सेकंद मोजतो, तसलंच गणित. वेगवेगळ्या जागी मायक्रोफोन ठेवायचे, आवाज कुठे आधी आणि कुठे नंतर पोचला त्यातल्या फरकावरून जागा काढायची. अडचण अशी होती की गोळा आवाजापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे त्याचा स्वतःचा कडकडाट तोफेच्या आवाजाच्या आधी येतो. साधा मायक्रोफोन त्या कडकडाटाने आणि बंदुकांच्या आवाजाने भरून जायचा. तोफेचा आवाज फार खालच्या स्वराचा. कानाला तो जेमतेम कळतो, पण हवेचा मोठा दाब घेऊन येतो. ब्रॅग राहत होते त्या घराच्या संडासात दाराव्यतिरिक्त बाहेर उघडणारी एकच वाट होती, ती म्हणजे बैठकीखालचा नळ. दूरवर तोफ उडाली की बसल्या जागी खालून हवेचा धक्का जाणवायचा! त्यांच्या तुकडीतल्या कॉर्पोरल टकर यांना झोपडीच्या भिंतीतल्या भोकांतून त्याच क्षणी थंड हवेची फुंकर लागायची. टकर यांनी युद्धाआधी तापलेल्या तारा कशा थंड होतात यावर काम केलं होतं. त्यांनी पेटीला भोक पाडून त्यात बारीक प्लॅटिनमची तापवलेली तार बसवली. तोफेच्या आवाजाचा दाब आला की हवा भोकातून ये-जा करायची, तार थंड व्हायची, तिचा विद्युत रोध बदलायचा आणि फिल्मवर रेघ हलायची. कडकडाटाला ती दाद देत नसे.

१९१६ च्या उत्तरार्धात हे काम करू लागलं. सहा मायक्रोफोन काही किलोमीटरच्या कमानीत मांडलेले, पुढे खंदकात एक निरीक्षक. आवाज ऐकताच तो कळ दाबायचा, मागे फिल्म फिरायला लागायची, आणि काही मिनिटांत नकाशावर शत्रूच्या तोफेची जागा, चांगल्या हवेत पाचपन्नास मीटरच्या आत. जोडीला रात्री तोफेची चमक तीन-चार ठिकाणांहून एकाच वेळी मोजणारी पथकं होती, विमानातून काढलेली छायाचित्रं होती, विमानातून बिनतारीने सांगितलेले नेमाचे फरक होते. ९ एप्रिल १९१७ ला व्हिमी रिजवर कॅनेडियन सैन्याने हल्ला केला, तेव्हा अँड्र्यू मॅकनॉटन यांच्या काउंटर बॅटरी (शत्रूच्या तोफा शोधून त्यांच्यावर मारा करणाऱ्या) विभागाने जर्मनांच्या तोफांपैकी ८३ टक्के आधीच हेरून ठेवल्या होत्या.

तिसरी गोष्ट आपल्या तोफेची. दहा किलोमीटरवर मारताना नळी झिजून गोळ्याचा सुरुवातीचा वेग एका टक्क्याने घटला तर गोळा शंभर मीटरच्या आसपास अलीकडे पडतो. हवा दहा अंशांनी गार असेल तर ती दाट असते, पुन्हा तसाच फरक. वर वाऱ्याचं वेगळंच. म्हणून पूर्वी प्रत्येक तोफ हल्ल्याआधी चाचणीचे गोळे टाकून नेम बसवायची आणि शत्रूला आयतं कळायचं की इथे काहीतरी शिजतंय. १९१७ मध्ये ब्रिटिशांनी प्रत्येक तोफेचा वेग स्वतंत्र मोजायला घेतला, हवामानाचा निरोप दिवसातून अनेकदा बॅटरीपर्यंत, म्हणजे तोफांच्या तुकडीपर्यंत, पोचवायला घेतला, आणि सगळ्या तोफा एकाच मोजणीच्या नकाशावर बांधल्या. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेला कुठलाही तोपची हे वाचून म्हणेल, हे तर आमचं रोजचं काम. बरोबर आहे, आणि त्याची घडण या आघाडीवर झाली.

२० नोव्हेंबर १९१७ ला काम्ब्रेला याची कसोटी झाली. रात्रीच्या अंधारात आणलेल्या १,००३ तोफा तोवर गप्प होत्या. सकाळी ६.२० ला त्या एकदम सुरू झाल्या, एकही चाचणीचा गोळा न टाकता, आणि पहिल्या मिनिटापासून जर्मन तोफांवर पडल्या. त्यांच्या आडोशाने ४७६ रणगाडे तारा चिरडत पुढे गेले. काही ठिकाणी एका दिवसात आठ किलोमीटर मजल झाली. ब्रिटनमध्ये चर्चच्या घंटा वाजवल्या. पण हल्ल्याच्या त्या पहिल्याच दिवशी १७९ रणगाडे निकामी झाले, मोडून, रुतून किंवा तोफेच्या गोळ्याने. दहा दिवसांनी जर्मनांनी उलट हल्ला करून बरीचशी जमीन परत घेतली, तोही कमी वेळाच्या तीव्र तोफमाऱ्यानंतर, पायदळाच्या लहान टोळ्या आत घुसवून आणि जवळजवळ रणगाड्यांशिवाय. २१ मार्च १९१८ चा त्यांचा महाहल्ला तर सुमारे ६,६०० तोफांचा पाच तासांचा मारा आणि मागोमाग स्टॉर्मट्रूपर, म्हणजे आत घुसणाऱ्या अशाच लहान टोळ्या, असाच होता. खंदक रणगाड्याशिवायही फुटत होता, हे दोन्ही वेळा सिद्ध झालं.

रणगाड्याने काय केलं, तर तोफेची जी दोन कामं सगळ्यात वेळखाऊ होती ती हलकी केली: तारा तुडवणं आणि वाचलेल्या मशीनगनला जवळून गाठणं. ८ ऑगस्ट १९१८ ला आमियँला ४१४ लढाऊ रणगाडे पुढे गेले. दुसऱ्या दिवशी चालू स्थितीत १४५ होते, १२ तारखेला सहा. त्याच सकाळी जर्मनांच्या ५३० तोफांपैकी ५०४ च्या जागा आधीच नकाशावर होत्या. पायदळ दहा किलोमीटरहून पुढे गेलं तेव्हा त्याच्यावर गोळे टाकायला फारसं कोणी उरलं नव्हतं. या दोन आकड्यांमध्ये माझ्या उत्तराचं सार आहे.

या सगळ्यात खंदकही बदलत होता, हे विसरू नका. १९१५ चा खंदक म्हणजे माणसांनी भरलेली एक सलग रेघ. तोफेचा मारा वाढला तशी जर्मनांनी पुढच्या रेघेतली माणसं कमी केली. १९१७ ला ईप्रच्या चिखलात, जिथे खणलं की पाणी लागतं, तिथे खड्ड्यांमध्ये विखुरलेल्या मशीनगन आणि काँक्रीटचे पिलबॉक्स (मशीनगनसाठीच्या छोट्या कोठड्या) होते, आणि उलट हल्ला करणाऱ्या तुकड्या पार मागे. अशा बचावावर रांगेने चालून जाणं व्यर्थ होतं. म्हणून ब्रिटिश प्लाटूनमध्ये रायफल, हातबॉम्ब, रायफल ग्रेनेड आणि लुईस गन (हलकी मशीनगन) अशी चारही हत्यारं आली. एक गट मशीनगनला खाली दाबून धरतो, दुसरा बाजूने जातो. आजचं पायदळही याच पद्धतीने शिकतं.

एक कोडं १९१८ मध्येही सुटलं नव्हतं. खंदक फुटला तरी तोफा, घोडे आणि गोळे खड्ड्यांच्या मुलखातून पुढे न्यायला दिवस लागायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हल्ला आपोआप मंदावायचा. मित्रराष्ट्रांनी मग तो ताणणं सोडलं. एक धक्का थांबला की दुसरीकडे दुसरा. २९ सप्टेंबर १९१८ ला हिंडेनबुर्ग रेषा, म्हणजे जर्मनांची मुख्य बचावरेषा, फुटली तेव्हा ब्रिटिश तोफांनी चोवीस तासांत नऊ लाख चाळीस हजारांच्या वर गोळे टाकले होते.

आता युक्रेन. तिथे खंदक परत आले, कारण उघड्यावरचा माणूस दिसतो आणि दिसला की काही मिनिटांत मारला जातो. १९१४ ची परिस्थिती हीच होती. फरक इतका की जे काम ब्रॅगच्या फिल्मला, फुग्यांना आणि विमानांना मिळून करावं लागायचं, ते आता प्लाटूनच्या हातातला ड्रोन करतो आणि पुष्कळदा स्फोटकही तोच घेऊन जातो. रणगाडे जमवले की ते जमतानाच दिसतात, तोफा जमवल्या की त्याही. काम्ब्रेचा अचानकपणा मिळवणं फार कठीण झालंय. लांबलचक नागमोडी खंदक वरून ठळक दिसतो, त्यामुळे झाडांच्या रांगेत दोन-चार माणसांचे, वरून झाकलेले छोटे खड्डे वाढलेत. मागच्या रस्त्यांवर ड्रोन अडवायला कित्येक किलोमीटर जाळी टांगलेली असते. तोफाही काही गोळे टाकून लगेच जागा बदलतात, कारण शत्रूचं रडार पहिला गोळा हवेत असतानाच तिची जागा काढायला लागतं.